मे महिन्यातलं वाचनालय आणि आपण

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



पंचवीस वर्षं एकत्र राहिलो, याबद्दल आधी सगळ्यांचं अभिनंदन. पाण्याच्या टाकीवरून, पार्किंगवरून, गच्चीच्या गळतीवरून आपण भांडलो. सर्वसाधारण सभेत टेबलावर हात आपटले. पण गणपतीच्या आरतीला पुन्हा एकत्र आलो. सहकार म्हणजे हेच असतं.

सचिवांनी मला ‘काहीतरी बोला’ असं सांगितलं. बँकेतला माणूस बोलणार म्हणजे मुदत ठेवी आणि व्याजदर, अशी धास्ती काहींना वाटली असेल. घाबरू नका. आज विषय वाचनालयाचा आहे. तरी हिशोब येणारच, कारण सवय जात नाही.

विषय नेमका सांगतो. मे महिन्यात आपल्या अलिबागचं वय एकदम कमी होतं. अकरा महिने आपल्या सोसायटीत आम्ही म्हातारे आणि थोडी नोकरदार मंडळी. एक मे उजाडला की भाऊच्या धक्क्याहून, गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या बोटी भरून नातवंडं येतात. ठाण्याची, पुण्याची, एखादं परदेशातलं. पहिले चार दिवस आंबे, ताडगोळे, समुद्र, सगळं छान चालतं. पाचव्या दिवसापासून दुपारी अकरा ते पाच उन्हात बाहेर सोडता येत नाही, आणि मूल कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसतं. आजी ओरडते, आई-बाबा फोनवरून ओरडतात. मूल ऐकत नाही, कारण दुसरं काय करायचं हे कुणी सांगत नाही. त्याच वेळी आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक सार्वजनिक वाचनालय असतं. या दोघांची गाठ घालायची, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी परिस्थिती समजून घेऊ. वाचनालयाची परंपरा कोकणाला नवीन नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. उन्हाळ्यात लोकांना एकत्र बसवून काही ऐकवायचं, हीसुद्धा आपलीच जुनी रीत. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती अजून चालू आहे. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९१० पासून ग्रंथालयांचं खातंच उभं केलं आणि पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव पाठवल्या. वाचक येत नसेल तर पुस्तकानं जावं, हे शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे ठरलेलं होतं.

आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा. त्याप्रमाणे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. आता आकडा ऐका. २०२३ साली अनुदानात ६० टक्के वाढ झाली. ड वर्गाच्या ग्रंथालयाचं वर्षाचं अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार झालं. म्हणजे महिन्याला चार हजार! त्यात माणसाचं मानधन, वर्तमानपत्रं, वीज आणि नवी पुस्तकं. आपल्या जिन्यांच्या साफसफाईला सोसायटी महिन्याला किती देते, ते ताळेबंदात पाहा आणि मग तुलना करा.

तमिळनाडूत १९४८ च्या कायद्यापासून घरपट्टीवर ग्रंथालयासाठी उपकर घेतात. आपल्या कायद्यात तो नाही. म्हणजे घरपट्टी भरताना आपण ग्रंथालयाच्या नावानं वेगळा एक पैसाही देत नाही. ज्याला वाटेल त्यानं वर्गणी भरावी आणि पुस्तक न्यावं, असा मामला आहे.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची. २०१२ च्या मे महिन्यात राज्यभर ग्रंथालयांची सरकारी पडताळणी झाली. काही ग्रंथालयं फक्त कागदावर सापडली. त्यानंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता देणं वर्षानुवर्षं थांबलं. यात प्रामाणिकपणे काम करणारेही भरडले गेले, पण तो विषय वेगळा. मुद्दा असा की आज एखाद्या गावातलं वाचनालय वाचकांअभावी बंद पडलं, तर त्याच्या जागी दुसरं उभं राहणं फार कठीण. बंद पडलेलं बँक खातं अर्ज करून पुन्हा चालू करता येतं, वाचनालयाचं तसं नाही.

मग वाचनालयानं उन्हाळ्यात काय करावं? मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, कुलाबा जिल्ह्याचं नाव नुकतंच रायगड झालं होतं तेव्हा, माझी बदली जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका बंदराच्या गावी झाली. बँकेच्या शाखेसमोरच वाचनालय. नाव सांगत नाही. मुलांच्या पुस्तकांचं एक काचेचं कपाट होतं, त्याला कुलूप. ‘मुलं पानं फाडतात’ हे कारण. किल्ली एका पदाधिकाऱ्यांकडे. ते लग्नकार्याला परगावी गेले की कपाटही सुट्टीवर!

पुढच्या वर्षी तिथे नव्या ग्रंथपाल बाई आल्या. त्यांनी मे महिन्यात ते कपाट उघडलं आणि एकच नियम केला. पुस्तक परत करताना त्यात काय होतं ते कुणाला तरी सांगायचं. कुणालाही. ओटीवर वर्तमानपत्र वाचणारे आजोबा असोत, कारकून असो, नाहीतर मासे विकून परतताना सावलीला टेकलेली मावशी असो. बक्षीस नाही, परीक्षा नाही, शुद्धलेखन नाही. सांगून झालं की दुसरं पुस्तक घ्यायचं.

पहिले दोन दिवस मुलं लाजली. मग असं झालं की ओटीवरचे पेपर वाचणारे लोक पेपर खाली ठेवायला लागले. बँक सुटल्यावर मीही जाऊन बसायचो. कोळीवाड्यातला एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा समुद्रसफरीचं एक भाषांतरित पुस्तक वाचून आला होता. गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबला आणि म्हणाला, “यात वादळ आलंय तेव्हा हे लोक शीड असं करतात. असं केलं तर होडी उलटंल.” शेजारी एक निवृत्त तांडेल बसले होते. ते म्हणाले, “बरोबर बोलतोय पोर.” मग अर्धा तास त्या दोघांची चर्चा. पुस्तक लिहिणाऱ्याची चूक काढता येते, हे त्या दिवशी तिथल्या सगळ्या मुलांना कळलं. मोठेपणी छापील अक्षराला घाबरायचं नाही, याची सुरुवात अशीच होते.

तो मुलगा पुढे मोठा लेखक झाला, असं सांगायला मला आवडलं असतं. तो झाला नाही, बोटीवरच गेला. पण दहा-बारा वर्षांनी मी त्याच भागात अधिकारी म्हणून परत गेलो, तेव्हा तो बोटीच्या इंजिनासाठी कर्ज मागायला आला. आमच्याकडे कागदांचा गठ्ठा समोर ठेवून ‘इथे सही, इथे सही’ करायची पद्धत. तो म्हणाला, “साहेब, अगोदर वाचतो.” खुर्चीत बसून त्यानं सगळं वाचलं आणि हप्त्याच्या तारखेवर शंका काढली. जूनमध्ये बोटी किनाऱ्याला लागतात, तेव्हा हप्ता कुठून भरणार? शंका योग्य होती, आम्ही तारखा बदलून घेतल्या. माझ्या नोकरीत सही करण्याआधी कागद वाचायला मागणारे खातेदार मी बोटांवर मोजू शकतो. पदवीधरही वाचत नाहीत. वाचनाचा उपयोग काय, असं कुणी विचारलं की मला तो कर्जाचा कागद आठवतो.

परवा मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो, तिथेही हा प्रकार पाहिला. जून ते ऑगस्ट त्यांची सुट्टी. गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांत मुलांची नावं नोंदवतात, एक कार्ड देतात. वाचलेल्या पुस्तकाची खूण त्यावर करायची. ठरावीक खुणा झाल्या की छोटं बक्षीस. जोडीला गोष्ट सांगण्याचा तास, कुत्र्याला पुस्तक वाचून दाखवण्याचा तास. हसू नका, खरंच असतो! अडखळत वाचणारं मूल माणसापुढे लाजतं, कुत्र्यापुढे लाजत नाही. माझ्या नातीनं एका आठवड्यात कार्ड भरलं. आकडा मोठा झाला, पण ‘काय वाचलंस’ विचारलं तर अर्ध्या पुस्तकांचं सांगता येईना. म्हणून कार्ड त्यांच्याकडून घ्यावं आणि नियम आपल्या त्या बाईंचा ठेवावा, असं माझं मत.

आता आपल्या घरातला प्रश्न. आपली नातवंडं मराठी बोलतात, पण वाचत नाहीत. इंग्रजी माध्यमामुळे अक्षरं ओळखीची आहेत, पण जोडाक्षर आलं की गाडी थांबते. दहा वर्षांच्या मुलाला मराठीत सहा वर्षांच्या मुलाचं पुस्तक द्यावं तर तो अपमान समजतो. यावर माझ्या अनुभवातला एकच उपाय आहे, मोठ्यानं वाचून दाखवणं. एक परिच्छेद आजोबांनी, एक ओळ नातवानं. आठवड्यानं दोन ओळी. पुस्तकंही चांगली मिळतात. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’, ‘वाचू आनंदे’ आहेत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, तो तर आजोबांनाच आधी हवा असतो. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयाची पुस्तकं स्वस्त असतात. ‘किशोर’ मासिक बालभारती १९७१ पासून काढते आहे. आमच्या पिढीत कित्येकांनी आपल्या मुलांसाठी म्हणून घेतलं आणि स्वतः वाचलं.

पण फक्त आपल्याच नातवंडांचा विचार केला तर त्याला शिकवणी म्हणतात, वाचनालय नाही. त्याच्या नावात ‘सार्वजनिक’ हा शब्द आहे. आपल्या जिल्ह्यात या शब्दाला फार मोठा इतिहास आहे. महाडचं चवदार तळं सगळ्यांना खुलं करण्याचा ठराव तिथल्या नगरपालिकेनं केला होता. पण ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. दार उघडं आहे असं लिहिलेलं असणं आणि प्रत्यक्ष आत जाता येणं, यात अंतर असतं. हे आपण रायगडकरांनी तरी विसरू नये.

वाचनालयाचं दारही सगळ्यांना उघडं आहे, असं आपण म्हणतो. पण आत कोण येतं? कातकरी वाडीवरची कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आपण मे महिन्यात शिबिर ठेवलं तर ती मुलं भट्टीवर असतात. कोळीवाड्याचं वेळापत्रक आणखी वेगळं. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. मेमध्ये बापाला फुरसत नाही, जूनमध्ये आपली नातवंडं परत गेलेली. म्हणून आपल्या किनाऱ्यावर उन्हाळी वाचनाचे दोन भाग हवेत, असं मला वाटतं. मे महिन्यात मुलांचा तास, वाचनालयात आणि सोसायट्यांत. जून-जुलैमध्ये पुस्तकांची पेटी घेऊन कोळीवाड्यात आणि वाडीवर जायचं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम शंभर पुस्तकांच्या पेटीवर चालतो आणि महाराष्ट्राबाहेरही गेला आहे. पेटी उचलायला दोन माणसं आणि एक रिक्षा पुरते.

पेटीबरोबर मोठ्यांसाठीही काही नेता येईल. यात आम्हा निवृत्त बँकवाल्यांचा उपयोग आहे. मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ पासून झाली, पण फॉर्म पाहूनच माणूस परत फिरतो. पासबुकातल्या नोंदी कशा वाचायच्या, विम्याचा हप्ता कशासाठी कापला, ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हे तासाभरात समजावता येतं. नोव्हेंबरात आपल्याच ज्येष्ठांची हयातीच्या दाखल्यासाठी धावपळ होते, तीही वाचनालयात एक दिवस बसून सोडवता येईल. वाचनालयात कामासाठी आलेला माणूस जाताना वर्तमानपत्र चाळतो. पुढच्या वेळी पुस्तक उघडतो. निदान आपल्या मुलाला पाठवतो.

मुलांसाठी आणखी एक. पुस्तक वाचून झालं की ती गोष्ट दाखवायला आपल्याकडे जागा आहेत. कान्होजी आंग्र्यांवर वाचा आणि ओहोटीला चालत कुलाबा किल्ल्यात जा. भरतीची वेळ मात्र कोळीवाड्यात विचारून जा! आपल्या गावातली चुंबकीय वेधशाळा १९०४ सालची आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यानं वेध बिघडणार, म्हणून ती इथे आणली. पृथ्वीचं चुंबकत्व इथे इतकी वर्षं मोजलं जातं, हे आपल्यातल्या किती मुलांना माहीत आहे? हात वर करा. बघा, दोन!

माझ्या क्षेत्रातलं एक नाव घेतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर डॉ. चिंतामणराव देशमुख आपल्याच जिल्ह्यातले. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, बालपण रोह्यात. १९४३ साली गव्हर्नर झाले. आकड्यांच्या या माणसानं कालिदासाच्या मेघदूताचा मराठी अनुवाद केला. छोट्या गावातलं मूल कुठवर जाईल ते सांगता येत नाही. त्याच्या हाताशी पुस्तक ठेवणं मात्र आपल्या हातात आहे.

आता प्रस्ताव. रौप्यमहोत्सवी निधीतून काही रक्कम शिल्लक राहणार आहे. प्रवेशद्वाराची कमान करावी, असा एक विचार आहे. माझा विरोध नाही, कमान चांगलीच दिसेल. पण तिच्या खर्चातला छोटा हिस्सा मी मागतो आहे.

एक, सोसायटीच्या प्रत्येक कुटुंबानं सार्वजनिक वाचनालयाचं सभासद व्हावं. सभासद वाढणं हीच वाचनालयाला खरी मदत. जुनी, कसर लागलेली पुस्तकं गोणीत भरून देणगी म्हणून पाठवू नका, ती रद्दीवाल्याची आहेत.

दोन, मुलांची साठ नवी पुस्तकं. सरासरी १२० रुपये धरले तर ७,२०० रुपये. पेटी, कार्डं, वह्या मिळून दहा हजारांच्या आत बसतं.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, वेळ. मे महिन्यातले वीस दिवस, संध्याकाळी दीड तास, रोज दोन ज्येष्ठ. म्हणजे चाळीस पाळ्या. आपल्यातले वीस जण तयार झाले तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन दिवस, एकूण तीन तास. तीन तासांत आपण एक सिनेमा बघतो. काम काही कठीण नाही. मूल सांगेल ते ऐकायचं. मध्ये उपदेश करायचा नाही, हाच काय तो अवघड भाग.

चार, जागेसाठी आपला क्लबरूम, आणि वाचनालयाच्या संचालक मंडळाची परवानगी मिळाली तर आठवड्यातून दोन दिवस तिथेच. शेजारच्या वस्तीतल्या, आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायकांच्या मुलांनाही त्याच सतरंजीवर बसवायचं. यावर कुणाची हरकत असेल तर सभेत उघड मांडावी, जिन्यात कुजबुजू नये.

सोसायटीत आपण सिंकिंग फंड कशासाठी भरतो? आज भिंतीला तडा नसतो, तरी वीस-तीस वर्षांनी इमारत उभी राहावी म्हणून दर महिन्याला थोडं बाजूला ठेवतो. मुलांच्या वाचनाचंही तसंच आहे. फळ दिसायला वेळ लागतो आणि हप्ता चुकवून चालत नाही.

मी हा प्रस्ताव येत्या सर्वसाधारण सभेत सूचक म्हणून लेखी देणार आहे. अनुमोदक हवा आहे. वीस नावांची यादी आजच बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे, पहिलं नाव माझं. पेन दोऱ्यानं बांधलेलं आहे, बँकेतल्यासारखं, तेव्हा ते न्यायचं नाही, नाव लिहायचं!

सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवाला मी असेन की नाही माहीत नाही, पण आज सतरंजीवर बसलेल्यांपैकी कुणीतरी तेव्हा इथे उभं राहून बोलावं, एवढी इच्छा आहे.